वकील रंगो बापूजी : मान्यता मागणाऱ्याच्या कामाचे वाचन

१

कापूरहोळच्या फाट्यावर उभे राहिले की तीन वाटा फुटतात. एक पूर्वेला, पुरंदरच्या पायथ्याने नारायणपूर-सासवडकडे जाते. दुसरी भोरला आणि तिथून पुढे रायरेश्वराच्या पायथ्याच्या कारी गावाकडे. तिसरी, सगळ्यांत रुंद आणि गजबजलेली, साताऱ्याला. आमच्या गावाचे नाव इतिहासात येते ते धाराऊमुळे. संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे कापूरहोळची, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या ज्या मुलाला तिने दूध पाजले, त्याचे नाव आठच वर्षांनी पुरंदरच्या तहात आले. एका नव्या, कुणीही न मानलेल्या राज्याच्या वतीने मोगल बादशहाची मनसब या मुलाच्या नावाने घेतली गेली.

दुसऱ्या वाटेवरचे कारी हे रंगो बापूजी गुप्ते यांचे गाव. शिवकाळात रोहिडखोऱ्याचे देशकुलकर्णी असलेल्या दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातले हे गृहस्थ. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने सप्टेंबर १८३९ मध्ये गादीवरून काढले. त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी १८४० साली लंडनला पोहोचले आणि १८५३ सालच्या अखेरीपर्यंत तिथेच राहिले. तेरा वर्षे. या तेरा वर्षांत त्यांचे मालक काशीत नजरकैदेत वारले, साताऱ्याची गादी खालसा झाली, आणि ज्या राज्याचे ते वकील होते ते राज्यच नकाशावरून गेले. तरी वकिली चालू राहिली.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरी-धंदा सांभाळून, मिळतील ती छापील साधने वाचत इथवर आलो आहे. या वाचनात एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. मराठीने रंगो बापूजींवर भरभरून लिहिले, त्यांना मान दिला. पण त्यांनी लंडनमध्ये नेमके काय केले याकडे आपण फारसे पाहिले नाही. हा लेख त्या कामाविषयी, आणि ते काम न दिसण्याच्या आपल्या सवयीविषयी आहे.

२

रंगो बापूजींची तीन वाचने मराठीत रूढ आहेत. पहिले फितुरीचे. प्रबोधनकार ठाकरे यांचे ऋण मान्य केल्याशिवाय या विषयावर कुणालाच लिहिता येणार नाही. ‘हिंदवी स्वराज्याचा खून’ आणि १९४८ सालचा ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हे लेखन नसते तर हे नाव मराठी घरांत पोहोचलेच नसते. पण प्रबोधनकारांचा मुख्य प्रश्न ‘घात कोणी केला’ हा आहे. बाळाजीपंत नातू, कर्नल ओव्हन्स, मुंबईचे गव्हर्नर, साताऱ्यातले जातींचे तंटे, हा सारा पट ते एखाद्या फौजदारी खटल्यासारखा उभा करतात. खटल्यात गुन्हेगार सापडला की काम संपते. मग लंडनमधली वर्षे ही त्या गुन्ह्याची दाद न लागल्याची लांबलेली कहाणी उरते.

दुसरे वाचन क्रांतीचे. सावरकरांच्या सत्तावनावरील ग्रंथात रंगो बापूजी आणि नानासाहेबांचे वकील अजीमुल्ला खान यांची लंडनमध्ये गाठ पडते आणि तिथे उठावाचे बीज पडते. पुढे १८५७ साली साताऱ्यात कट उघडकीस आला, ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम होते, आणि स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. हा शेवट इतका विलक्षण आहे की त्याच्या उजेडात आधीची तेरा वर्षे झाकोळून जातात. अर्ज-विनंत्यांचा मार्ग फोल ठरला म्हणून शस्त्र उचलले, एवढाच त्या वर्षांचा अर्थ लावला जातो.

तिसरे वाचन स्वामिनिष्ठेचे. ते भाषणांत, जयंत्यांत आणि शालेय धड्यांच्या भाषेत सापडते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात वक्ते म्हणाले की रंगो बापूजी अपयशी ठरले, पण निष्ठावंत होते. टाळ्या पडल्या. घरी येताना मी ‘पण’ या शब्दाशी अडकलो होतो. अपयश गृहीत धरायचे आणि निष्ठेचे बक्षीस देऊन पुढे जायचे, ही आपली रीत झाली आहे.

तिन्ही वाचनांत खोटे असे फारसे काही नाही. तिन्हींत एक उणीव मात्र सारखीच आहे. लंडन ही त्यांच्या लेखी वाट पाहण्याची जागा आहे. माझ्या मते ती कामाची जागा होती, आणि ते काम मुत्सद्देगिरीचे होते. ज्याला कुणी राज्य मानत नाही अशा राज्याची मुत्सद्देगिरी हा एक वेगळाच धंदा आहे, आणि त्याचे नियम समजून घेतल्याशिवाय यश-अपयश ठरवता येत नाही.

३

ते नियम पाहण्यासाठी थोडे मागे, फाट्यावरच्या पहिल्या वाटेने पुरंदरकडे गेले पाहिजे. जून १६६५ च्या तहात शिवाजीराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा आपल्याकडे ठेवले. पाच हजारी मनसब संभाजीराजांच्या नावे घेतली गेली. स्वतः राजांनी दरबारी चाकरीतून सूट मागितली. पुढच्याच वर्षी आग्र्याला जावे लागले हे खरे. तरी तहाच्या त्या रचनेत एक बारीक गोष्ट आहे. बादशहाशी नाते जोडले, पण ते मुलाच्या अंगावर जोडले. राज्याचा धनी त्या नात्याबाहेर राहील अशी फट ठेवली.

नऊ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. छत्र, नवा शक, नाणी, राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश, ही सारी आपणच आपल्याला दिलेली मान्यता होती. पण त्याच सोहळ्याला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन, दुभाषी नारायण शेणवी यांच्यासह, नजराणे घेऊन गड चढून आला होता. त्याला व्यापाराच्या सवलती हव्या होत्या आणि राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई हवी होती. कंपनीने मागण्यांची यादी दिली. राजांनी बहुतेक मान्य केल्या. इंग्रजी नाणी राज्यात चालावीत आणि किनाऱ्यावर फुटलेली जहाजे परत मिळावीत, या मागण्यांवर मात्र त्यांनी हरकत घेतली. तह झाला.

कंपनीला इथे कुठला सिद्धांत मान्य करायचा नव्हता. तिला मालाची वाट मोकळी हवी होती. कोकणचा किनारा कुणाच्या हाती आहे हे तिला कळत होते, आणि त्या हाताशी सही केली की मान्यता आपोआप झाली. शिवाय राजांपुढे एकटी कंपनी नव्हती. गोव्यात पोर्तुगीज होते, विजापूर-गोवळकोंडा होते, जंजिऱ्याचा सिद्दी होता, दिल्ली होती. एकाने नाकारले तर दुसऱ्याशी बोलता येत होते. मान्यता मिळवण्याचा पहिला नियम मला इथे दिसतो. मान्यता देणारे एकापेक्षा अधिक असावे लागतात, आणि त्यांतल्या एखाद्याला तरी आपली गरज असावी लागते.

यातून सरळ चढती रेषा निघते असेही नाही. अभिषिक्त राज्याच्या शाहू छत्रपतींनी १७१९ साली दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणवल्याच. स्वतःला सार्वभौम म्हणवणे आणि दुसऱ्याचा शिक्का जवळ बाळगणे ही दोन्ही कामे राज्ये एकाच वेळी करतात. लाज बाळगण्यासारखे त्यात काही नाही.

४

आता तिसरी वाट, साताऱ्याची. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनीने प्रतापसिंहांशी तह केला. पहिल्या कलमाने मुलूख त्यांना आणि त्यांच्या वारसांना कायमचा दिला. दुसऱ्याने कंपनीचे वर्चस्व मान्य करून घेतले. पाचव्या कलमाने असे बांधले की रेसिडेंटच्या मार्फतीशिवाय राजाने आपल्या राज्याबाहेरच्या कुणाशीही राजकीय पत्रव्यवहार करायचा नाही. पहिल्या कलमात राज्य आहे आणि पाचव्यात त्या राज्याचे तोंड बांधलेले आहे.

आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची भाषा वापरायची तर १९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारात राज्याच्या चार खुणा सांगितल्या आहेत : स्थिर लोकवस्ती, निश्चित प्रदेश, सरकार, आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता. साताऱ्याकडे पहिल्या तीन होत्या. चौथी तहानेच काढून घेतली होती.

वाद सुरू झाला तो जागीरदारांवरून. अक्कलकोट, फलटण, जत, औंधचे प्रतिनिधी, वाईचे शेख मिरे आणि आमच्या भोरचे पंतसचिव, या जागिरींवर राजाचा हक्क किती, हा प्रश्न होता. लंडनच्या संचालकांचा कौल राजाकडे झुकणारा होता. मुंबई सरकारने तो त्यांना कळवला नाही. तेव्हा मुंबईला वळसा घालून थेट लंडनशी बोलावे, असे प्रतापसिंहांनी ठरवले, आणि रंगो बापूजींच्या आधी मीर अफझल अली यांना विलायतेला पाठवले. पुढे राजावर आरोप आले : शिपायांना फितवणे, नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान, आणि गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी पत्रव्यवहार. हे आरोप कितपत खरे यावर शेकडो पाने लिहिली गेली आहेत. मला त्यांचा घाट महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या कुणाशी बोललास, हाच मुळात गुन्हा ठरवलेला होता. दुसरा मान्यता देणारा शोधण्याची वाट कायद्यानेच बंद होती.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्यात आले. चूक कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, गादी राहील, असे त्यांनी सांगितले. प्रतापसिंहांनी नकार दिला. शिवाजीराजांनी १६६५ मध्ये सही केली आणि राज्य वाचवले; प्रतापसिंहांनी केली नाही आणि राज्य घालवले. एकाला आपण धोरण म्हणतो, दुसऱ्याला बाणा. फरक स्वभावाचा नसावा. पुरंदरच्या सहीनंतर वाट पाहायला जागा होती, कारण दख्खनेत अजून अनेक सत्ता होत्या. १८३९ साली सही करूनही जायला दुसरे दार नव्हते, आणि गुन्हा कबूल केलेल्या राजाच्या गादीला पुढे किती अर्थ उरला असता? नकारामुळे गादी गेली, पण दावा शिल्लक राहिला. रंगो बापूजींच्या हाती तो दावाच होता.

५

‘वकील’ या शब्दाकडे इथे थांबून पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या मराठी कागदांत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. पुण्याचे वकील दिल्लीला, हैदराबादला असत. आज वकील म्हटले की काळा कोट आठवतो. शब्दाचा हा प्रवास रंगो बापूजींच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडला. ते पहिल्या अर्थाचे वकील म्हणून निघाले आणि लंडनमध्ये उतरल्यावर त्यांना दुसऱ्या अर्थाचे वकील व्हावे लागले. दरबार-दरबारातला तह संपला होता, अर्ज सुरू झाला होता. तहाला दोन सह्या लागतात, अर्जाला एकच.

त्यांनी काय केले? माझ्या मते त्यांनी एकाच सत्तेच्या पोटात अनेक सत्ता शोधल्या. बाहेर दुसरा मान्यता देणारा नव्हता, तर आत कुठे फट आहे हे पाहिले. लीडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाऊसमध्ये संचालक वेगळे आणि भागधारकांची सभा वेगळी. त्यांच्यावर सरकारचे नियंत्रण मंडळ, जिथे हॉबहाउस बसले होते. त्यापलीकडे पार्लमेंट, आणि पार्लमेंटपलीकडे छापखाना. रंगो बापूजींनी ही सारी दारे ठोठावली. इंग्रजी शिकून घेतले. त्यांच्या नावाने इंग्रजीत निवेदने छापली गेली. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत नाव कमावलेले जॉर्ज थॉम्पसन आणि पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम यांनी हा प्रश्न उचलला. भागधारकांच्या सभांत सातारा पुन्हा पुन्हा चर्चेला आला.

त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत जनरल ब्रिग्ज, जनरल रॉबर्टसन आणि जनरल लॉडविक होते. तिघेही कधी ना कधी साताऱ्याचे रेसिडेंट राहिलेले. ज्या माणसांना राजावर नजर ठेवायला नेमले होते, त्यांनीच लंडनमध्ये राजाच्या बाजूने साक्ष द्यावी, ही साधी गोष्ट नाही. परक्याच्या माणसांतून साक्षीदार मिळवणे हे कसलेल्या मुत्सद्द्याचे काम आहे, आणि आपल्या तिन्ही वाचनांत ते ओळीभरातच आटोपते.

मतदाने हरली, हे खरे. १८४७ च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह काशीला वारले. १८४८ च्या एप्रिलमध्ये गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी वारले आणि मृत्यूआधी घेतलेले दत्तक डलहौसीने नाकारून सातारा खालसा केले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी खालसा करण्याला लेखी विरोध केला. त्यामागे लंडनच्या गाजावाजाचा किती वाटा होता हे मोजता येत नाही, पण वंशपरंपरेच्या कलमाचा अर्थ काय, हा प्रश्न तोवर सर्वांसमोर मांडला गेला होता, एवढे नक्की. पार्लमेंटने साताऱ्याचे कागद छापले. ओव्हन्सच्या चौकशीतल्या विसंगती आज आपण दाखवू शकतो त्या या छापील कागदांमुळे. प्रबोधनकारांना खटला उभा करता आला, तोही पुष्कळसा यामुळेच. ज्या कामाला आपण अपयश म्हणतो, त्यानेच आपल्या निषेधाचा पुरावा जपून ठेवला.

६

हा एकट्या साताऱ्याचा अनुभव नाही. कोरियाचे परराष्ट्र संबंध १९०५ च्या तहाने जपानने आपल्याकडे घेतले. १९०७ साली सम्राट गोजोंग यांनी तीन दूत गुपचूप हेगच्या शांतता परिषदेला पाठवले. परिषदेने त्यांना आत घेतले नाही. तहानुसार कोरियाला बोलण्याचा अधिकारच नव्हता. तिघांपैकी यी जुन तिथेच वारले, आणि दूत पाठवले म्हणून सम्राटाला गादी सोडावी लागली. साताऱ्याचे पाचवे कलम आणि गोव्याचा आरोप आठवावा. १९२३ साली कॅनडातल्या सहा आदिवासी राष्ट्रांच्या संघाचे प्रमुख डेस्काहेह जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे गेले. त्यांनाही सभागृहात बोलू दिले गेले नाही. सोमालीलँडने १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, स्वतःचे चलन आणि निवडणुका चालवल्या, तरी तीन दशके उलटूनही जगातल्या बहुतेक देशांनी त्याला राज्य मानले नाही. कोसोव्होला अनेक देश मानतात, भारत मानत नाही. राज्य असणे आणि ते ऐकले जाणे, या दोन गोष्टी अजूनही वेगळ्याच आहेत.

मात्र मान्यता न मिळणारा प्रत्येक जण न्यायाच्या बाजूलाच असतो, असे समजणे भाबडेपणाचे होईल. हे मराठवाड्याच्या वाचकाला सांगायची गरज नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये मोईन नवाज जंग यांनी हैदराबादची बाजू मांडली. रामस्वामी मुदलियार यांनी भारतातर्फे हैदराबादला राज्य म्हणून तिथे उभे राहण्याचा अधिकारच नाकारला. तोवर पोलीस कारवाई जवळजवळ उरकली होती. मुदलियारांच्या युक्तिवादाची जात आणि कंपनीच्या युक्तिवादाची जात वाचताना दचकायला होते. तरी रझाकारांचा काळ सोसलेल्या गावांना निजामाचा वकील आपला वाटला नाही, आणि ते बरोबरच होते. राज्याच्या वतीने कोण बोलतो, आणि त्या राज्यातली माणसे त्याला आपला मानतात का, हा दुसरा नियम.

रंगो बापूजींच्या बाबतीतही हा प्रश्न विचारायला हवा. ते छत्रपतींच्या हक्कासाठी बोलत होते, रयतेच्या नव्हे. त्या काळी तसेच बोलले जाई. पण वारसाहक्कावर रचलेला दावा वारस नाकारला की कोसळतो, हे १८४८ ने दाखवले. त्यांच्या कामाची ही खरी मर्यादा आहे. ती निष्ठेच्या टाळ्यांखाली झाकू नये, तशीच तिच्यापायी बाकीचे काम पुसूही नये.

७

शेवटी पुन्हा फाट्यावर येतो. ज्या भोरच्या जागिरीवरचा आपला हक्क छत्रपती सांगत होते, ते भोर सातारा बुडाल्यावर इंग्रजांच्या देखरेखीखालचे वेगळे संस्थान म्हणून राहिले. पंतसचिवांना पुढे नऊ तोफांची सलामी मिळाली. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर ते मुंबई राज्यात विलीन झाले. मालकाचे राज्य गेले आणि चाकराचे शंभर वर्षे टिकले. यात भोरची निंदा नाही. आमच्या तालुक्यातल्या कित्येक शाळा-रस्त्यांमागे संस्थानी कारभार आहे. पण मान्यतेचा तिसरा नियम इथे उघडा पडतो. कमी मागणाऱ्याला ती लवकर मिळते. सार्वभौमत्वाचा दावा सोडला की तोफांची सलामी मिळते.

कारीच्या वकिलाने तो दावा तेरा वर्षे सोडला नाही. त्यांनी लढवलेले मुद्दे, छापलेली निवेदने, सभांतली उत्तरे-प्रत्युत्तरे सटीप मराठीत एकत्र वाचायला मिळाली पाहिजेत, असे मला वाटते. पुतळा उभारण्यापेक्षा ते स्वस्त पडेल आणि कठीणही जाईल. हाती सैन्य नाही, मुलूख नाही, मालकही उरला नाही, अशा वेळी केवळ कागदाच्या बळावर एखादे राज्य जिवंत आहे असे जगाला कसे सांगायचे, हे त्या कागदांत आहे. तसे सांगत फिरणारे लोक आजही जिनिव्हाच्या आणि न्यूयॉर्कच्या दारांत उभे असतात. त्यांना आपण अपयशी पण निष्ठावंत म्हणतो का, की त्यांचे म्हणणे आधी वाचतो, हे आपल्यावर आहे.